यंत्र बसवणं सोपं, माणसांत बसणं अवघड

(शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यांवर प्रकल्प करणारे ऊर्जा अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)



मला विषय दिलाय ‘सॉफ्ट स्किल्स’. हा शब्द हल्ली कल्याण-भिवंडीच्या प्रत्येक चौकात बोर्डावर लिहिलेला दिसतो. तीन महिन्यांत इंग्रजी, टाय कसा बांधायचा, हात कसा मिळवायचा, मुलाखतीत कसं हसायचं. पालक मला भेटतात आणि म्हणतात, “सर, पोरगा हुशार आहे, गणित पक्कं आहे, पण मुलाखतीत गप्प बसतो. कुठला क्लास लावू?” हा प्रश्न विचारणाऱ्या बापाच्या आवाजात काळजी असते. त्याने लूमवर बारा-बारा तास काम करून फी भरलेली असते. मुलगा घराण्यातला पहिला इंजिनियर होणार असतो. आणि कंपनीकडून उत्तर येतं की तांत्रिक ज्ञान ठीक आहे, ‘कम्युनिकेशन’ कमी पडलं.

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला नोकरीची बरीच वर्षं लागली. ते उत्तर मला क्लासमध्ये मिळालं नाही, इथल्याच पाड्यांवर मिळालं. म्हणून सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावर सौर पथदिवे बसवले. खांब, पॅनल, बॅटरी, दिवा, सगळं मुलांनी स्वतः जोडलं. वायरिंग नीटनेटकं होतं. उद्घाटन झालं, नारळ फुटला, फोटो निघाले. मी मुलांना प्रकल्पाचे जवळजवळ पैकीच्या पैकी गुण दिले. दोन वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्याच रस्त्याने जात होतो, सहज वळलो. खांब उभे होते. बॅटरीच्या पेट्या उघड्या आणि रिकाम्या होत्या. एका पॅनलवर वाळत घातलेली गोधडी होती. मी एका आजींना विचारलं, “आजी, दिवे कधीपासून बंद आहेत?” त्या म्हणाल्या, “पहिल्या पावसात गेले. आन् लावले बी कुठं? देवळासमोर. तिथं कोन जातं रात्री? आमी जातो विहिरीच्या वाटंनं. साप-विंचू तिथं असतो.”

मी विचारलं, “मग तेव्हा सांगितलं का नाही?”

आजी म्हणाल्या, “आमाला कुनी इचारलं?”

त्या दिवशी मला कळलं की मी दिलेले गुण चुकीचे होते. माझ्या मुलांना दिवा लावता येत होता. दिवा कुठे लावायचा हे विचारता येत नव्हतं, आणि ते मी शिकवलंच नव्हतं. खुर्चीवर बसलेल्या चार पुरुषांना आम्ही विचारलं होतं. विहिरीवर जाणाऱ्या बाईला विचारायचं आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. बॅटरी संपल्यावर नवी कोण आणणार, पैसे कोण देणार, हेही नाही. आता सांगा, यातलं काय इंग्रजीच्या क्लासमध्ये शिकवलं जातं?

हा सगळा भाग कसा आहे, ते एकदा नजरेसमोर आणा. पडघ्याजवळ महापारेषणचं मोठं उपकेंद्र आहे. चंद्रपूरची वीज ७५२ किलोमीटर अंतर कापून, उच्चदाबाच्या एकदिश प्रवाहाच्या वाहिनीने, ५०० किलोव्होल्ट दाबाने इथे येते. १,५०० मेगावॉट वाहून आणण्याची त्या वाहिनीची क्षमता आहे. ऊर्जा अभियांत्रिकीच्या पुस्तकात त्या वाहिनीचं नाव असतं. तिथून नाशिकच्या दिशेने निघालात की वासिंद, आसनगाव, शहापूर, आणि मग भातसा धरण. त्याच्या पायथ्याशी १५ मेगावॉटचं जलविद्युत केंद्र. याच तालुक्याच्या परिसरात तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्यातला मोठा वाटा इथून जातो. आणि याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. धरण खाली, पाडा वर डोंगरावर. पाणी वर चढवायचं तर पंप हवा, पंपाला वीज हवी, विजेचं बिल ग्रामपंचायतीने भरायला हवं. बिल थकलं की नळ कोरडा. भावली धरणाचं पाणी उतारावरून, गुरुत्वाकर्षणाने शहापूरच्या गावांपर्यंत आणण्याची योजना आखली गेली, त्यामागचं मोठं कारण हेच आहे. पंप नाही तर पंपाचं बिलही नाही.

म्हणजे ऊर्जा अभियंत्याला शिकायला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. इथे एकाच तालुक्यात वीज आहे, पाणी आहे, डोंगर आहे, ऊन आहे, आणि या सगळ्याचा माणसाशी असलेला संबंध उघडा दिसतो.

आता कोणी म्हणेल, हे समाजसेवेचं काम झालं, अभ्यासक्रमात याला जागा कुठे? तर ऐका. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांना मानांकन देणारी संस्था आहे, राष्ट्रीय मानांकन मंडळ, तुम्ही ज्याला एनबीए म्हणता. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, तो याच मंडळामार्फत. या मंडळाने पदवीधर इंजिनियरला काय काय यायला हवं याची १२ कलमांची यादी केली आणि अनेक वर्षं तीच वापरात होती. त्यातली पहिली पाच ज्ञान, विश्लेषण, आराखडा, प्रयोग आणि साधनं यांच्याबद्दल आहेत. उरलेली सात कोणती? समाजाचं भान, पर्यावरण, नीतिमत्ता, गटात काम करणं, संवाद, पैशाचं व कामाचं नियोजन, आणि आयुष्यभर शिकत राहणं. बारापैकी सात. आणि आपण वेळापत्रकात त्यांना किती तास देतो? एक विषय, आठवड्याला दोन तास, त्यातही प्रेझेंटेशनच्या स्लाइड.

या सात गोष्टी फळ्यावर शिकवता येत नाहीत. पोहणं जसं कोरड्यात शिकता येत नाही, तसंच हे आहे. हातात काम असावं लागतं, ते काम दुसऱ्या कुणासाठी तरी खरोखर गरजेचं असावं लागतं, आणि ते बिघडण्याची शक्यता असावी लागते. प्रयोगशाळेत मोटर चालली नाही तर एक गुण जातो. पाड्यावर मोटर चालली नाही तर एखादी बाई डोक्यावर हंडा घेऊन चढ चढते. हा फरक कळला की विद्यार्थी बदलतो.

एक प्रसंग सांगतो. शहापूर तालुक्यातली कातकरीवाडी, शेजारी ठाकूरवाडी. गावाचं नाव घेत नाही. मुलांनी सौर पंप बसवायचा ठरवला. गणित सोपं होतं. इथल्या विद्यार्थ्यांसाठी साधे आकडे घेऊन करून दाखवतो. ५० घरं, ३०० माणसं. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे दिवसाला १६,५०० लिटर. विहिरीपासून टाकीपर्यंत चढ ४० मीटर. एवढं पाणी उचलायला लागणारी निव्वळ ऊर्जा काढली तर १.८ युनिट येते. मोटर, पंप आणि पाइप यांतला तोटा धरून ४ युनिट समजा. एक किलोवॉटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ४ युनिट देतं. धूळ, ढग यांची सोय म्हणून दीड किलोवॉट घ्या. झालं. पंधरा मिनिटांचं काम.

यावेळी मी शहाणा झालो होतो. मुलांना सांगितलं, आधी तीनदा जा, आणि तिन्ही वेळा काही विकू नका, काही सांगू नका, फक्त विचारा. मुलं गेली. बायकांशी बोलली. पाणी पहाटे पाचला लागतं हे कळलं. सूर्य पाचला पंप चालवत नाही. म्हणून टाकी मोठी केली, आदल्या दिवशी भरून ठेवायची. ही त्यांची पहिली शिकवण. पंप सुरू झाला तो ऑक्टोबरमध्ये. वाडीतल्या एका चुणचुणीत तरुणाला सगळं शिकवलं. पॅनल पुसणं, कंट्रोलरवरचा लाल दिवा ओळखणं, बंद करून पुन्हा चालू करणं. त्याच्या हाती किल्ली दिली. मुलं खूश, मीही खूश.

फेब्रुवारीच्या मध्यावर एक विद्यार्थी अहवालासाठी आकडे घ्यायला गेला. पंप बंद. सहा आठवड्यांपासून. बिघाड काय होता? काहीच नाही. कंट्रोलर एकदा बंद पडला होता, तो बंद करून चालू करायचा होता. अर्ध्या मिनिटाचं काम. पण किल्ली ज्याच्याकडे होती तो तरुण होता कुठे? वीटभट्टीवर.

दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं उचल घेऊन भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. हे इथल्या शाळेतल्या गुरुजींना माहीत आहे, दुकानदाराला माहीत आहे, एसटीच्या कंडक्टरला माहीत आहे. पाच महिने त्या वाडीत हिंडणाऱ्या आमच्या चार भावी इंजिनियरांना आणि त्यांच्या प्राध्यापकाला माहीत नव्हतं. आम्ही तासांचं वेळापत्रक विचारलं, वर्षाचं विचारलं नाही. आणि गंमत अशी की उन्हाळ्यात, जेव्हा सौर पंप सगळ्यात चांगला चालतो आणि पाण्याची गरज सगळ्यात जास्त असते, तेव्हाच तो माणूस गावात नसतो.

तो विद्यार्थी त्या दिवशी परत आला तो आकडे घेऊन नाही. त्याने तिथेच पंप चालू केला, मग ठाकूरवाडीतल्या एका ताईंना शोधलं, ज्या भट्टीवर जात नाहीत. त्यांना कंट्रोलर दाखवला. त्या म्हणाल्या, “मला लिहिता-वाचता येत नाही.” त्याने वहीचं पान फाडलं आणि चित्र काढलं. हिरवा दिवा, हसरा चेहरा. लाल दिवा, दुःखी चेहरा, खाली स्विच आणि बाण. ते पान प्लास्टिकमध्ये घालून पेटीच्या आत चिकटवलं. मित्रहो, तो मुलगा वर्गात तोंड उघडत नसे. पण मी तपासलेल्या तांत्रिक लेखनांत त्या एका पानाइतकं स्पष्ट फार थोडं होतं.

नंतर नोकरीच्या मुलाखतीत त्याला विचारलं, “तुमच्या कामातली एखादी चूक सांगा.” इतर मुलं या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर देतात की मी फार परिपूर्णतेचा आग्रह धरतो वगैरे. याने वीटभट्टीची गोष्ट सांगितली. इंग्रजी मोडकं होतं. पण समोरच्या माणसांनी पुढचा अर्धा तास त्यालाच प्रश्न विचारले, आणि त्याला उत्तरं शोधावी लागली नाहीत, कारण ते सगळं त्याच्या बाबतीत घडलेलं होतं. बोलता येत नाही, असं आपण ज्या मुलांबद्दल म्हणतो, त्यांच्याकडे बहुतेक वेळा सांगण्यासारखं काही आपण घडूच दिलेलं नसतं.

दुसरी गोष्ट एका मुलीची. भिवंडीची. वडील लूम दुरुस्त करणारे मिस्त्री. पंपाची जोडणी तिने केली होती. सुरू केला तर मोटर फिरतेय, आवाज येतोय, पण टाकीत पाणी नुसतं ठिबकतंय. सगळा पाडा जमलेला. पुरुष सूचना देऊ लागले, गटातली मुलं पाइपवर संशय घेऊ लागली, कोणी म्हणालं पंपच खराब दिलाय. ती दोन मिनिटं आवाज ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, “मोटर उलटी फिरतेय. तीन वायरींपैकी दोन मी उलटसुलट जोडल्यात. चूक माझी आहे.” बंद केलं, दोन वायरी अदलाबदल केल्या, पाणी धो धो आलं. मी नंतर विचारलं, “तुला कसं कळलं?” ती म्हणाली, “सर, अब्बा लूमच्या मोटरचा आवाज ऐकून सांगतात. लहानपणापासून ऐकते.”

यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे, आपल्या घरांतला हुनर. मिस्त्री, वायरमन, गॅरेजवाला, शिवणकाम करणारी आई. त्यांच्याकडे जे ज्ञान आहे त्याची आपल्या मुलांना लाज वाटते. कॉलेजात ते लपवतात. पाड्यावर तेच उपयोगी पडतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सगळ्यांसमोर ‘चूक माझी आहे’ म्हणणं. ऊर्जेच्या कामात ही सवय नसेल तर माणसं मरतात. खांबावर माणूस चढलेला असताना स्विच कोणी चालू केला, हे लपवणारा इंजिनियर धोकादायक असतो. मला विचाराल तर पहिलं सॉफ्ट स्किल हेच.

महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून ते खेड्यात आले. त्यांचं म्हणणं साधं होतं, की मुलं हाताने काम करत शिकतात, आणि ते काम गावाच्या उपयोगाचं हवं. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार विभाग करून त्यांनी शाळेच्या मुलांना शिकवलं. मुलं गावात जाऊन वायरिंग करतात, वेल्डिंग करतात, त्याचे पैसेही घेतात. पैसे घेतले की काम नीट करावंच लागतं.

आयआयटी मुंबईत १९८५ पासून ‘सितारा’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. तिथे २००७ पासून तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एम.टेक. करता येतं आणि त्या विद्यार्थ्यांना गावात राहावं लागतं. प्रा. मिलिंद सोहोनी मूळचे संगणकशास्त्राचे. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कर्जत, शहापूर, मोखाडा अशा तालुक्यांत पिण्याच्या पाण्याच्या योजनांचा अभ्यास केला. आयआयटीतला मुलगा नळयोजना का बंद पडली हे शोधायला ग्रामपंचायतीचं बिलाचं रजिस्टर उघडतो, टँकरच्या नोंदी बघतो, ग्रामसेवकाशी बोलतो. त्याच संस्थेच्या ऊर्जा विभागातल्या प्रा. चेतनसिंह सोलंकी यांनी विद्यार्थ्यांसाठी १० लाख सौर दिव्यांचा प्रकल्प केला. महाराष्ट्रासह चार राज्यांत. त्यातली शहाणपणाची गोष्ट अशी की दिवे कारखान्यातून तयार आणले नाहीत. स्थानिक माणसांना जोडणी आणि दुरुस्ती शिकवली. मुलाला दिवा फुकट दिला नाही, १२० रुपयांना दिला.

आणि मुरबाडहून माळशेज घाट चढून वर गेलात की जुन्नर तालुका लागतो. तिथल्या दरेवाडीत २०१२ मध्ये पुण्याच्या ‘ग्राम ऊर्जा’ या कंपनीने सुमारे ४० घरांसाठी छोटं सौर वीजघर उभं केलं, साडेनऊ किलोवॉटच्या आसपासचं. प्रत्येक घराला मीटर, वापराप्रमाणे पैसे, हिशेब गावाच्या हाती. पॅनल कोणीही बसवू शकतो. मीटरचे पैसे किती घ्यायचे यावर गावाची बैठक घडवून आणणं, त्यात शेवटच्या घरातल्या माणसालाही बोलू देणं, हे खरं इंजिनियरिंग.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. शिक्षक सहकाऱ्यांना विनंती आहे, की हे पाच नियम करून बघा.

पहिला, तीन भेटींआधी आराखडा काढायचा नाही. शहापूरला लोकलने आसनगावपर्यंत येता येतं, मुरबाडला कल्याणहून एसटी आहे. लांब नाही. भेट संध्याकाळी ठेवा. दुपारी बैठक बोलावलीत तर रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाची मजुरी बुडते. तुमचा सर्व्हे त्याच्या पोटातून जाता कामा नये.

दुसरा, प्रत्येक गटाने गावाचं वर्षाचं कॅलेंडर भरायचं. भात लावणी कधी, कापणी कधी, भट्टीवर कोण जातं, कोण राहतं, विहीर कधी आटते, आश्रमशाळेतली मुलं घरी कधी येतात. हे कॅलेंडर भरल्याशिवाय पॅनलचं गणित तपासायचं नाही.

तिसरा, काम फिरतं ठेवायचं. एकच मुलगा बोलतो आणि मुली चहाचं बघतात, असं चालणार नाही. आज जी वायरिंग करते तिने उद्या ग्रामपंचायतीत बोलायचं. जो बोलतो त्याने उद्या खड्डा खणायचा.

चौथा, काम सोपवताना कागद मराठीत, एका पानावर, चित्रांसह. तो कागद वाडीतल्या माणसाने आपल्याला उलट समजावून सांगितला पाहिजे. त्याला सांगता आला नाही तर कागद चुकलाय, माणूस नाही.

पाचवा आणि सगळ्यात महत्त्वाचा. शंभरपैकी ४० गुण सहा महिन्यांनी द्यायचे, पुन्हा जाऊन पाहिल्यावर. चालू असेल तर गुण. बंद असेल आणि का बंद पडलं हे प्रामाणिकपणे शोधलं असेल तरीही गुण. न गेल्यास शून्य. विद्यापीठाचं वेळापत्रक आड येईल. ओढाताण होईल. पण नव्या शैक्षणिक धोरणाने समाजाशी जोडलेल्या प्रकल्पांना अभ्यासक्रमात जागा दिली आहे. ती जागा फोटो काढून भरायची की खरं काम करून, हे आपल्या हातात आहे.

विद्यार्थ्यांना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे, थोडी नाजूक आहे. आमच्या काही मुलामुलींच्या मनात पहिल्यांदा पाड्यावर जाताना धास्ती असते. आपलं नाव सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटेल? वाडीतल्या लोकांच्याही मनात असते, की हे शहरातले लोक आलेत, काय नेणार, काय लिहून घेणार? दोन्ही बाजूंना अनुभव चांगले आलेले नसतात. यावर भाषणाचा उपाय नाही. दुसऱ्यांदा जा. तिसऱ्यांदा जा. दिलेलं काम केलेलं असू द्या. मग कोणीतरी कोरा चहा पुढे करतं, आपल्या डब्यातली पोळी त्यांच्या पोराच्या हातात जाते, आणि नाव हे फक्त हाक मारण्यापुरतं उरतं. हे मी एकदा नाही, पुष्कळदा पाहिलंय.

आणि पाडा ही तुमची प्रयोगशाळा नाही, हे विसरू नका. तुम्हाला गुण मिळतील, नोकरी मिळेल. त्यांना काय मिळालं, हा प्रश्न दर वेळी स्वतःला विचारा. उत्तर ‘काही नाही’ असेल तर त्या माणसांचा वेळ तुम्ही फुकट वापरलात.

पालकांनो, तुमच्या प्रश्नाकडे परत येतो. कुठला क्लास लावू? इंग्रजी जरूर शिकवा, त्याला माझा विरोध नाही. पण मुलगा म्हणाला की शनिवारी मुरबाडला जायचंय, खड्डा खणायचाय, तर ‘यासाठी शिकवलं का तुला?’ असं म्हणू नका. मुलगी म्हणाली तर दोन प्रश्न जास्त विचारा, सोबत कोण आहे, परत कधी येणार. आणि मग जाऊ द्या. आज घरांच्या छपरावर सौर पॅनल बसवायला केंद्राच्या योजनेतून तीन किलोवॉटपर्यंत ७८,००० रुपयांचं अनुदान मिळतं. शेतात सौर पंप लागतायत. हे काम येत्या काळात गल्लोगल्ली असणार आहे. जो इंजिनियर एखाद्या आजींना त्यांच्या भाषेत समजावून सांगेल की बिल किती कमी होईल आणि किती होणार नाही, जो खोटं आश्वासन देणार नाही, आणि बिघडल्यावर फोन उचलेल, त्याला काम कमी पडणार नाही.

शेवटी त्या दिव्यांबद्दल. ज्या मुलांना मी चुकीचे गुण दिले होते, त्यांतले तिघे आज नोकरीला आहेत. मी त्यांना फोन केला, आजींनी काय म्हटलं ते सांगितलं. एका रविवारी ते आले. नव्या बॅटऱ्या त्यांनी स्वतःच्या पगारातून आणल्या. देवळासमोरचे दोन खांब उपटले आणि विहिरीच्या वाटेवर लावले. जागा यावेळी आजींनी दाखवली. बॅटरीच्या पैशासाठी घरटी महिन्याला थोडी रक्कम जमा करायची, असं वाडीने ठरवलं, आणि ती जमा करायचं काम एका बचत गटाकडे दिलं. परवा जाऊन आलो. एक दिवा बंद होता. आजींनी मला आधीच सांगितलं, कोणता आणि कधीपासून, आणि दुरुस्तीला कोणाला सांगितलंय तेही.

एवढं झालं की प्रकल्प पूर्ण झाला असं मी समजतो. तुमचेही असेच पूर्ण होवोत.